हात काय करतो ते बघ

मी भित्री. त्यात लपवण्यासारखं काही नाही. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, कुकरची शिट्टी अडकली तर आईला हाक मारते आणि बँकेतून नुसता फोन आला तरी उचलत नाही. पण माझ्याहून भित्रा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे भोईरकाका. फरक एवढाच, की मी घाबरले की गप्प बसायचे आणि काका घाबरले की लिहायला बसायचे.

उल्हासनगरात कचेऱ्यांच्या रस्त्यावर चंदरभाईंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी तिथे मराठी टायपिंग करते. दुकानाच्या पायरीवर एक लोखंडी टेबल टाकून भोईरकाका बसायचे आणि लोकांना अर्ज लिहून द्यायचे. ते लिहायचे, मी टाइप करायचे. काका पालेगावचे. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभी नोकरी घालवली होती आणि तिथेच छाती खराब करून घेतली होती. एक फुप्फुस निम्मंच चालायचं. त्यामुळे बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, श्वास गोळा करायचे आणि वाक्य जिथे टाकलं होतं तिथून उचलायचे.

चंदरभाईंनी त्यांना आधी आत, पंख्याखाली जागा देऊ केली होती. काकांनी दुकान नीट बघितलं आणि विचारलं, "मागे दार आहे?"

"नहीं है," चंदरभाई म्हणाले.

"मग मी बाहेरच बसतो."

असंच सगळं. कुठेही गेले की आधी बाहेर पडायची वाट बघायचे. चहा ओठाला लावण्याआधी हुंगायचे. सकाळी चंदरभाई झुलेलालच्या फोटोपुढे अगरबत्ती लावायचे तेव्हा ते आणि मी हात जोडायचो आणि काका धूर कुणीकडे जातो ते बघायचे. "आज वारा कंपन्यांकडून येतोय," असं म्हणून खुर्ची फिरवून बसायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की अगरबत्ती लावली की मीसुद्धा धुराकडे बघते.

काकांचा राग एका शब्दावर होता. 'आहे' या शब्दावर. पाण्याची समस्या आहे, रस्त्याची दुरवस्था आहे, शेजाऱ्यांचा त्रास आहे. हल्ली तर लोक मोबाइलवरून तयार अर्जच घेऊन येतात, नाव-पत्ता तेवढा बदलायचा. त्यात ओळीओळीला 'आहे', नाहीतर 'करण्यात यावे'. काका तो कागद पालथा घालायचे आणि म्हणायचे, "हे राहू दे. उभे राहा आणि काय होतं ते हाताने दाखवा."

लोक गोंधळायचे. भररस्त्यात उभं राहून हातवारे करायचे म्हणजे काय. पण काका हटायचे नाहीत. "तोंड शिकलेलं असतं," ते मला सांगायचे. "ते कचेरीत जायचं म्हणून कपडे घालून येतं. हाताला तेवढी अक्कल नसते. हात काय करतो ते बघ. तेच क्रियापद."

एकदा एक रिटायर्ड मास्तर आले. स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेनं. अर्ज स्वतःच लिहून आणला होता: 'आमच्या विभागात पाणीपुरवठा अनियमित आहे.'

"नळ काय करतो?" काकांनी विचारलं.

"अनियमित आहे."

"तो पुरवठा झाला. नळ काय करतो? दाखवा."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग मूठ तोंडाजवळ नेऊन घसा खरवडल्यासारखा आवाज काढला, दोनदा हात झटकला आणि मूठ मिटली. रिक्षावाले थांबून बघायला लागले. काकांनी लिहिलं: 'आमचा नळ पहाटे खाकरतो, दोन तांबे गढूळ पाणी ओकतो आणि बंद पडतो.' मास्तर म्हणाले, हे असं सरकारी अर्जात चालतं का? पण घेऊन गेले. चार दिवसांनी पेढे द्यायला आले. कचेरीतल्या बाईंनी म्हणे तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला होता आणि हसत हसत माणूस पाठवला होता.

मला चेव आला. पुढच्या आठवड्यात भटक्या कुत्र्यांबद्दलचा एक अर्ज होता. काका जेवायला गेले होते, म्हणून मीच लिहिला आणि त्यात 'कुत्र्यांनी थैमान घातले असून नागरिकांचे लचके तोडत आहेत' असं ठोकून दिलं. काका आले, वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"कोणाचा लचका तोडला?"

"तोडला नाही अजून. मागे लागतात."

"मग मागे लागतात एवढंच लिही." ते श्वासासाठी थांबले. "तू लचके लिहिलंस, साहेब येऊन बघून गेला, आणि कुत्रं शेपूट हलवत बसलेलं दिसलं, की पुढच्या अर्जाला साहेब उठायचा नाही. तेव्हा खरंच चावलं तर काय करशील? जोरकस म्हणजे मोठं नव्हे, पोरी. जोरकस म्हणजे जेवढं झालं तेवढं."

एवढं ऐकून कोणाला वाटेल की काका भाषेचे शौकीन होते. अजिबात नाही. पुस्तक वाचताना मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांना फक्त धास्ती होती. कागद वाचणारा माणूस जागचा उठणार नाही, याची धास्ती. ती कुठून आली होती हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ती मला पहिल्यांदा दिसली उल्हासनगरच्याच कॅम्प एक वस्तीतल्या एका बाईच्या वेळी. पंचविशीची असेल. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. पोलीस ठाण्यात द्यायला तक्रार हवी होती. काय लिहू, विचारल्यावर म्हणाली, "नवरा त्रास देतो."

"काय करतो?" काकांनी हळू आवाजात विचारलं.

"त्रास देतो. बस, तेवढंच लिहा."

काकांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तोंडाने नका सांगू. हाताने दाखवा. इथे कोणी बघत नाही." आणि मला खूण केली. मी रस्त्याच्या बाजूने टेबलाला आडोसा करून उभी राहिले.

बाईने माझ्या आडून रस्त्याकडे पाहिलं. मग तिचा उजवा हात मांडीवरून उठला, वर गेला आणि तिच्याच गळ्याभोवती बसला. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. ती तशीच बसून राहिली. तिला स्वतःलाही ते बघून धक्का बसला असावा, कारण हात काढायला ती विसरली. काकांनी उठून तो हात हलकेच खाली घेतला.

कागदावर त्यांनी लिहिलं, 'माझा नवरा माझा गळा दाबतो.' खाली केव्हा, कितीदा, कुठे. एकही विशेषण नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, "त्रास देतो असं वाचलं असतं तर हवालदार म्हणाला असता, समजून घ्या, संसार आहे. आता त्याला खुर्चीतून उठावं लागेल." बोलता बोलता त्यांनी पेनाचं टोपण तीनदा लावलं आणि काढलं. ती बाई पुढे एकदा दिसली, माहेरच्या माणसांबरोबर. आमच्याकडे बघून तिने मान हलवली आणि गेली. एवढंच मला तिच्याविषयी ठाऊक आहे.

आता माझ्या घराचं सांगते.

आम्ही कॅम्प पाचला राहायचो. चार मजली इमारत, मी आणि आई तिसऱ्यावर. आमच्या डोक्यावरचं, चौथ्या मजल्यावरचं घर बंद होतं. आमच्या खाली दुसऱ्यावर एक नवरा-बायको, पहिल्यावर आमचे चंदरभाई, ते सोसायटीचे चेअरमनही होते. आणि तळाला जीन्सचा कारखाना. तिथे धागा कटिंगला आठ बायका बसायच्या, अगदी आमच्या किचनच्या खाली.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी मी दुकानात आले तर काका म्हणाले, "सुवर्णा, केसात काय पडलंय?"

मी झटकलं. पांढरा भुगा. "काही नाही काका, घरी पोपडे आहेत."

"काय आहेत?"

"पडतात," मी म्हणाले. जीभ चावली.

"दाखव."

"काय काका, सकाळी सकाळी."

"उभी राहा. तू ओट्यापाशी आहेस. वर स्लॅब आहे. काय करतो तो?"

मी उभी राहिले. तळहात डोक्यावर आडवा धरला. पोपडे कसे टपटप पडतात ते दाखवायला बोटं हलवणार होते. पण हात काही वेगळंच करायला लागला. तळहाताचा मधला भाग खाली आला, बोटं आणि मनगट वर राहिलं. मी तो हात बघितला आणि मला कळलं की गेले दोन महिने भाजी चिरताना मी हेच बघत होते. बघत होते आणि मान खाली घालत होते.

काकांनी विचारलं, "दार लागतं?"

"लागतं की. मध्ये अडकायला लागलं होतं, सुताराकडून रंधा मारून घेतला. लाकूड फुगतं ना."

"पावसात फुगतं." ते थांबले. श्वास येईना. "जानेवारीत कशाला फुगेल?"

एरवी काका आमच्यासारखंच बोलायचे. खूप घाबरले की त्यांची पालेगावची बोली वर यायची. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "पोरी, मना भ्याव वाटतंय."

स्लॅब एकटा पडत नाही, हे उल्हासनगरात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. वरचा खालच्यावर पडतो, दोघं मिळून त्याच्या खालच्यावर, आणि एका रांगेतली सगळी घरं तळाला जातात. तरी आम्हाला त्याहून जास्त भीती नोटिशीची. इमारत धोकादायक ठरली की नळ तोडतात, वीज तोडतात आणि बाहेर काढतात. पुढे जायचं कुठे, ते नोटिशीत लिहिलेलं नसतं. म्हणून आमच्याकडे एक रीतच पडलीय. इमारतीबद्दल लिहायचं झालं तर नरम लिहायचं. मी स्वतः असे कितीतरी नरम अर्ज टाइप केले होते.

काकांच्या धास्तीमुळे मी चंदरभाईंना सांगितलं, त्यांनी मीटिंग बोलावली. त्यांच्याच हॉलमध्ये. सगळे जमले, सगळे घाबरलेले, आणि जो तो दुसऱ्याला धीर देत होता.

"हे बघा," चंदरभाई म्हणाले, "झूठ लिहा असं मी नाही म्हणत. बस, नरम लिहा. रिपेअरची परमिशन मागू, प्लास्टर करून घेऊ. घर हाथ में रहेगा. ज्यादा लिखा तो कल सब रोड पर."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तुझे बाबा या घरातून गेले, सुवर्णा. मला आता कुठे हलवू नकोस." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण टाइप मीच करणार होते.

दुसऱ्या दिवशी काका यायच्या आत मी टाइप केलं: 'इमारतीच्या काही भागात किरकोळ दुरुस्तीची आवश्यकता आहे.' दोन मिनिटंही लागली नाहीत. पहिली प्रत प्रिंटरमध्ये अडकून चुरगळली, ती मी काढून टाकली. दुसरी चंदरभाईंनी सह्या घेऊन महापालिकेत नेऊन दिली. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या रात्री झोप लागली.

काका कच्चं लिखाण पाठकोऱ्या कागदांवर करायचे, फुकट गेलेल्या प्रिंटांच्या मागे. तो गठ्ठा मीच त्यांच्या टेबलावर ठेवायचे. दोन दिवसांनी त्यांनी एक कागद ओढला, हाताने सपाट केला, आणि उलटून पाहिला. मी आतून बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. ते उठले आणि म्हणाले, "चल, चहा पिऊ."

टपरीवर त्यांनी चहा हुंगला. प्यायले नाहीत.

"कंपनीत पाळी बदलताना वही लिहावी लागते," ते म्हणाले. "आपल्या पाळीत काय झालं, ते पुढच्याने वाचायचं आणि मग कामाला हात लावायचा. त्या दिवशी तीन नंबरच्या लाइनीतून गॅस सुटत होता. थोडासाच. पण गॅस सुटतोय असं लिहिलं की प्लँट बंद करावा लागतो, वर जाब द्यावा लागतो. साहेब म्हणाले, भोईर, जरा नरम लिही. मी लिहिलं, तीन नंबरला वास आहे."

ते थांबले. श्वास गोळा केला.

"पुढच्या पाळीला यशवंत होता. आम्ही एकाच डब्यात जेवायचो. त्याने वही वाचली आणि हसला. म्हणाला, वास तर इथे रोजच आहे. आणि मास्क न लावता गेला. मी गेटवर सायकल काढत होतो तेव्हा आरडाओरडा ऐकला. धावत गेलो. त्याला ओढून बाहेर आणला, पण तो गेला होता. माझं फुप्फुस तिथे गेलं."

टपरीवाला ग्लास विसळत होता. काका माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"चौकशीत वही निघाली. अक्षर माझं. मला कोणी बोल लावला नाही. वाक्य खोटं नव्हतं ना. वास होताच. पण वासाला कोण घाबरतं, सांग? मी घाबरलो होतो नोकरी जाईल म्हणून. ती भीती मी वहीत लिहिली नाही आणि गॅसही लिहिला नाही."

मी रडायला लागले. मला माझी लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता मला माहीत होतं. "तुम्ही लिहून द्या ना काका," मी म्हणाले.

"नाही. तुझं घर आहे, तूच लिही. मी यशवंतच्या वेळचं अजून लिहितोय."

मी लिहिलं. सहा ओळी लिहायला दुपार गेली. आधी 'बहुधा' घातलं, मग काढलं. 'वाटते' घातलं, काढलं. शेवटी राहिलं ते असं:

'आमच्या किचनचा स्लॅब मध्ये वाकतोय. त्याच्या सळया गंजून बाहेर आल्यात. रोज पोपडे पडतात, काल वीटभर तुकडा पडला. चौकट दबली, दार लागत नाही. आमच्या खाली दोन घरं राहतात आणि तळाला आठ बायका बसतात. आम्ही घाबरलो आहोत.'

काकांनी वाचलं. शेवटच्या 'आहोत'वर त्यांचं पेन थांबलं. "हे राहू दे," म्हणाले. मग म्हणाले, "पण तुझ्या एकटीच्या सहीने हा कागद फायलीत जाईल. उद्या रविवार. मी येतो."

काका चढले. तिसऱ्या मजल्यापर्यंत. प्रत्येक वळणावर कठडा धरून उभे राहायचे, ओठ निळसर झालेले, आणि मला हाताने खुणावायचे, थांब. आमच्या दारात येऊन एकच बोलले, "दार लावून दाखव." मी ढकललं. रंधा मारूनही बोटभर फट राहिली. आठवड्यापूर्वी लागत होतं.

मग दुसरा मजला. त्या नवऱ्याने दार लोटलं, गुडघा लावला, तरी लागेना. "परवाच सुतार येऊन गेला," तो म्हणाला.

"कोण सुतार?" मी विचारलं. आमचाच.

तोवर आवाज ऐकून चंदरभाई जिन्यात आले होते. भडकलेले. "भोईर, आप मेरा घर गिरवाओगे क्या? तीस साल की कमाई है ये."

"मी नाही पाडत, चंदरभाई." काकांनी कठडा धरून श्वास घेतला. "तुम्ही फक्त दार लावा."

"लगता है मेरा दरवाजा. ये देखो."

त्यांनी लावलं. दार चौकटीला टेकून थांबलं. त्यांनी खांदा लावला. मग दुसऱ्यांदा लावला. त्यांचा चेहरा उतरत गेला. उंबऱ्याशी लाकडाच्या ताज्या सालपटांचा ढीग लोटून ठेवलेला होता.

"दो बार रंधा मरवाया," ते हळूच म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "तुम लोगों ने भी?"

आम्ही तिन्ही घरांतले लोक जिन्यात उभे होतो. एकाच सुताराला बोलावलं होतं, प्रत्येकाने गुपचूप. लाकूड फुगलंय असं सांगून. दुसऱ्याला कळलं तर घराचा भाव पडेल, बोभाटा होईल, म्हणून कोणी कोणाला बोललं नव्हतं. खालून कारखान्यातल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्या रविवारीही यायच्या. चंदरभाईंनी कागद मागितला आणि भिंतीवर धरून सही केली. अक्षर वाकडं आलं.

या वेळी साहेब उठले. बघून गेले, आठवडाभरात नोटीस चिकटली. आम्ही बदलापूरला मावशीकडे गेलो, एका खोलीत पाच माणसं. आईने जाताना ओट्यावर हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, टायपिस्टबाईंनी एक कागद लिहिला आणि आम्हाला रस्त्यावर आणलं. चंदरभाईंनी मला कामावरून काढलं नाही, पण कामापुरतंच बोलायचे. पायरीवरचं टेबल रिकामं होतं. जिने चढून गेल्यापासून काकांना श्वास पुरेना, त्यांना अंबरनाथला दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांना जिने मी चढायला लावले, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

आणि इमारत उभीच. रोज दुकानात जाताना मी वाट वाकडी करून बघून यायचे. टाळं, नोटीस, आणि उभी इमारत. आधी ती पडेल याची भीती होती, आता पडणार नाही याची वाटायला लागली. मी पुन्हा 'लचके' लिहिले का? जेवढं झालं त्याहून मोठं लिहिलं का? ती पडावी असं मला वाटायला लागलं, आणि आपल्याला असं वाटतंय म्हणून मी आणखी घाबरले.

एका मंगळवारी दुपारी चंदरभाई दुकानात आले आणि दारातच उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी हात डोक्याच्या वर नेला, तळहात आडवा, आणि तो खाली आणला. थांबला, पुन्हा खाली. थांबला, पुन्हा खाली. गुडघ्यापर्यंत आला तेव्हा ते स्वतःच पायरीवर बसले.

"एक बजा था," ते तिथूनच म्हणाले. "वो आठ औरतें डिब्बा खोलके बैठती थीं उस टाइम." मग म्हणाले, "जा बेटा. भोईर को बता."

त्या संध्याकाळी मी काकांना शेवटचं बघितलं. खाट खिडकीशी नव्हती, दाराशी होती. त्यांनी मागून घेतली असणार. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काका, स्लॅब कोसळला," मी म्हणाले. "आमच्या डोक्यावरचा. आमचं किचन घेऊन गेला, खालची दोन्ही घरं घेऊन तळाला गेला."

त्यांनी एक बोट खाली केलं. खाली?

"खाली कोणी नव्हतं."

बोट पुन्हा खाली गेलं.

"कोणीच नव्हतं काका. कारखान्याला टाळं होतं. आठही बायका आपापल्या घरी जेवत होत्या."

त्यांनी डोळे मिटले. मास्कच्या पट्ट्याखालून पाणी कानाकडे गेलं. यशवंतचं नाव मी काढलं नाही. उशाशी ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज येत होता आणि मला तो सहन होईना. म्हणून मी वेड्यासारखं विचारलं, "बाकी तब्येत बरी आहे ना?"

काकांनी डोळे उघडले. मोबाइलवरचा तयार अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाकडे बघायचे तसं बघितलं. मग चादरीवरून उजवा हात उचलला. इतकी वर्षं ते दुसऱ्यांना दाखवायला सांगत होते, त्यांना दाखवताना मी कधी बघितलं नव्हतं. हात थोडा वर आला, तिथेच अडला, थरथरला, आणि हळूहळू खाली येऊन चादरीवर उताणा पडला. बोटं उघडी. आता ते माझ्याकडे बघत होते, शब्दाची वाट बघत.

"दमलात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. नाही.

मला माहीत होतं. हात काय करतोय ते मला स्पष्ट दिसलं होतं आणि खरा शब्द तोंडाशी आला होता. मी तो हात दोन्ही हातांत घेतला. मी घाबरले, आणि म्हणाले, "उद्या येते, काका."